लांडग्याची छाप

‘लांडग्यालाही बोलावं लागेल,’ मोहरील सर म्हणाले आणि मी टेबलावरचा हात मागं घेतला.

नागपूरच्या एका कॉलेजचं सभागृह होतं. जानेवारीतली दुपार. मधोमध लांब टेबल, एका बाजूला आम्ही अकोल्याचे चौघं, समोर स्पर्धेचे सूत्रधार मोहरील सर, आणि भोवती खुर्च्या टाकून, खुर्च्या संपल्यावर खिडक्यांत चढून, आधीच हरलेल्या संघांची पोरंपोरी. हरलेल्या माणसानं खरं तर गुमान घरी जावं. पण दुसरा कसा हरतो ते बघितल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही.

मी नुकतंच टेबलावर दोनदा टकटक केलं होतं. आमच्यात त्याचा अर्थ ‘थांबा, पुढं धोका आहे’ असा.

‘हे काय चाललंय?’ सरांनी विचारलं होतं.

‘सर, तो लांडगा झालाय,’ शलाका म्हणाली. ‘लांडगा असताना तो बोलत नाही. खुणा करतो.’

‘का?’

‘साचा चढवला की अक्कल लांडग्याची होते ना.’

‘असं कुणी सांगितलं?’

शलाका खंडारेकडे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. परीक्षेत येत नसलेल्या प्रश्नालाही ती दोन पुरवण्या लावायची. त्या दिवशी मात्र तिनं पाण्याची बाटली उघडली आणि पिण्यात दंग झाली. आणि मग सरांनी ते वाक्य उच्चारलं.

खेळ तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण सूत्रधार, तो सांगतो की समोर दरी आहे, दरीवर पूल आहे, पुलावर राक्षस आहे. तुम्ही सांगायचं की मी काय करतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि प्रत्येक पात्राचे सहा आकडे असतात. मूळ पुस्तक इंग्रजी, जाडजूड, शलाकाच्या मामांनी बंगळुरूहून आणलेलं. पण आमचा गजू बोचरे म्हणाला की खेळतानाही इंग्रजी बोलायचं असेल तर मी आपला घरी झोपतो. म्हणून शलाकानं सगळं मराठीत आणलं. अंगाचे तीन आकडे: ताकद, चपळाई, दम. मनाचे तीन: अक्कल, जाण, छाप. छाप म्हणजे समोरच्यावर पडते ती. बोलून माणूस वळवायचा असेल तर ती लागते.

आता माझं सांगतो. मी बोलताना अडखळतो. आजही अडखळतो, बियाण्यांच्या कंपनीत आहे, आठवड्याला चार गावांत शेतकऱ्यांच्या सभा घेतो आणि चारही ठिकाणी अडखळतो. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी अडखळायला नको म्हणून बोलतच नव्हतो. बसमध्ये हव्या त्या थांब्याचं नाव जिभेवर येत नसे म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढून मागं चालत आलेला माणूस आहे मी. आणि सगळ्यात अवघड शब्द कुठला, तर माझंच नाव. त्र्यंबक. पणजोबांचं नाव चालवायचं म्हणून ठेवलं. पोराच्या जिभेचा कुणी जरा तरी विचार करावा!

गजूच्या काकांच्या जिनिंगमागं एक खोली होती. तिथं दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. हवेत सतत कापसाची तुसं. फासासुद्धा पुसून टाकावा लागायचा. पहिल्या दिवशी गजूनं मला जवळजवळ ओढतच नेलं. आमची सूत्रधार शलाकाच. तिनं माझ्या पात्राच्या आकड्यांसाठी फासे टाकायला लावले. टाकू त्या क्रमानं आकडे, बदल नाही. ताकद नऊ, चपळाई दहा, दम आठ, सगळं असंच मिळमिळीत. शेवटी छाप. सतरा.

ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याच्या पानात देवानं वाढलं काय, तर वक्तृत्व! मला तो फासा खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला.

‘छान!’ शलाका घाईनं म्हणाली. ‘पात्राचं नाव काय ठेवतोस?’

मी तोंड उघडलं. ‘भुऱ्या’ म्हणायचं होतं. ओठ मिटले ते उघडेनात. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे आपोआप बंद झाले. किती वेळ गेला कोण जाणे. अशा वेळी समोरची माणसं कुठं बघतात ते मला पाठ होतं: आधी तोंडाकडे, मग जमिनीकडे, मग एकमेकांकडे. मी खुर्ची मागं सरकवली. उठलोच होतो.

‘थांब ना,’ शलाका म्हणाली. ‘माझ्याकडे एक रूपपालट्या आहे. घेतोस का? लांडग्याचा साचा आहे त्याला. साचा चढवला की सहाच्या सहा आकडे लांडग्याचे होतात. ताकद वाढते, चपळाई वाढते, अक्कल मात्र दोन आणि छाप सहा. बोलता येत नाही. बोलायचंच नाही, तसा नियम आहे. नुसत्या खुणा.’

मी खाली बसलो.

तीन वर्षं मी लांडगा होतो. माणसाच्या रूपात भुऱ्या कधी दिसायचाच नाही. सकाळी डोळे उघडले की साचा चढवायचा, झोपताना उतरवायचा. दोनदा टकटक म्हणजे धोका. कान ओढला की कुणीतरी लपलंय. मूठ उघडली की चला. माझी खूण समजली की नाही हे दुसऱ्यांनी जाणेचा फासा टाकून ठरवायचं, आणि आकडा कमी पडला तर समजली नाही असंच वागायचं. आता खोलीतल्या सगळ्यांना ती समजलेली असे, पण खेळ म्हणजे खेळ.

एकदा या नियमानं फैजानचा घात केला. आमच्यातल्या चौथ्याचा, फैजान शेखचा, एक तिरंदाज होता, दोन वर्षं जपलेला. त्याचा भाता कसा, त्याची आई कुठल्या गावची, सगळं फैजाननं रचलं होतं. एका झुलत्या पुलाचा दोर कापलेला आहे हे वासावरून फक्त भुऱ्याला कळलं होतं. मी टकटक केलं, टेबल बडवलं, हात हलवले. फैजानचा फासा पडला तीनवर.

‘नाही समजलं,’ फैजान म्हणाला आणि पुलावर पाऊल टाकलं.

तिरंदाज दरीत गेला. फैजान पुढं दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो नवा वैद्य घेऊन, आणि त्या विषयावर अवाक्षर बोलला नाही. मी मनात म्हटलं, नियमच तसा आहे, माझा काय दोष? तरी वाईट वाटत राहिलं. पण खरं सांगू, जगात एकच खोली होती जिथं मला कुणी बोलायला लावत नव्हतं, आणि ती खोली मला कुठल्याही तिरंदाजापेक्षा प्यारी होती.

आणि आता हे मोहरील सर. उंच, किडकिडीत, आवाज अगदी मऊ. ओरडणारा माणूस परवडतो. असला मऊ आवाजाचा माणूस नियमातून केसभर हलत नाही.

‘नियम नीट समजून घ्या,’ ते मलाच उद्देशून म्हणाले. ‘साचा अंगावर चढतो. ताकद, चपळाई, दम, हे तीन आकडे बदलतात. अक्कल, जाण आणि छाप यांना साचा हात लावत नाही. दात लांडग्याचे, पाय लांडग्याचे, पण आत तुम्हीच. अक्कल माणसाची राहते म्हणून वाचाही राहते. पहिल्या फेरीत कुणी हरकत घेतली नाही, ठीक. इथं मी घेतो.’

‘पण सर,’ गजू मधे पडला, ‘आमी तीन वर्सं असंच खेळून राह्यलो ना.’

‘तीन वर्षं चूक खेळलात.’

हॉलमध्ये हसू पसरलं. मी शलाकाकडे पाहिलं. तिनं बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं. मला तिचा संताप आला. एवढं पुस्तक उराशी घेऊन फिरतेस आणि एक नियम धड वाचता आला नाही तुला?

खेळ पुढं सुरू झाला, आणि भलत्याच वळणावर गेला. खिंडीपलीकडच्या गावात साथ पसरलेली. औषध आमच्या पिशवीत. सूर्य मावळायच्या आत पोचायचं. खिंडीत लांडग्यांचा कळप, आणि कळपाची म्हातारी लांडगीण वाट अडवून उभी. शिकाऱ्यांनी तिचं पिल्लू उचलून नेलेलं, त्यामुळं माणूस दिसला की ती झडप घाली. आधीच्या दोन्ही संघांनी तिच्याशी लढाई केली होती आणि दोन्ही संघ आता खिडकीत बसून आमच्याकडे बघत होते.

आम्हीही शहाणे, आम्हीही लढलो. गजूचा योद्धा पहिल्याच झटक्यात आडवा. फैजानचा वैद्य त्याला उठवायला गेला तो त्याच्याच अंगावर पडला. शलाकाच्या जादूगारणीचे मंत्र संपले, काठी मोडली. उभा राहिला एकटा भुऱ्या.

‘भुऱ्या काय करतो?’ सरांनी विचारलं.

मी हातानं पंजा मारल्याची खूण केली.

‘झडप घालता येईल,’ सर म्हणाले. ‘फाशावर वीस पडले तर जिंकाल. बाकी काहीही पडलं तर भुऱ्या मेला आणि गावही गेलं. किंवा बोलता येईल. तुमच्या कागदावर छाप सतरा लिहिलेली दिसते. या आकड्याचं पात्र मी दोन दिवसांत दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या टेबलावर पद्धत अशी, आधी बोलायचं, मग फासा टाकायचा. बोलणं चांगलं असेल तर मी लागणारा आकडा कमी करतो.’

मग ते हात बांधून स्वस्थ बसले. समोर लांडगीण बसावी तसे.

गजूनं टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. ‘वीस पडू शकतात बे,’ तो कुजबुजला. ‘टाक. मेला तर मेला. आमी काई बोलणार नाई.’

हे ‘आमी काई बोलणार नाई’ मला लागलं. तिघंही खरंच काही बोलले नसते. अकोल्याला परत गेलो असतो, दुसऱ्या रविवारी मला नवं जनावर मिळालं असतं, आणि मी पुन्हा टेबल बडवत बसलो असतो. मी फासा उचलला. तो मुठीत धरला. आणि कागदावरचा तो सतरा पाहिला. तीन वर्षं त्याच्यावर बोट ठेवून बसलो होतो, दिसू नये म्हणून. लांडगा झाल्यावर तो सहा होतो, अशी मी माझी समजूत घातली होती. तो कधीच सहा झाला नव्हता. तिथंच होता, जसाच्या तसा.

मी फासा खाली ठेवला.

‘म्-म्-म्…’

ओठ मिटले. तीच जुनी भिंत. डोळे मिटायला लागले. मी ते उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी अडकलेला असताना समोरच्या माणसाकडे बघत राहिलो. मोहरील सरांनी नजर हलवली नाही. तोंडाकडेही नाही, जमिनीकडेही नाही.

‘म्-म्हातारे,’ मी म्हणालो. ‘मला व्… वेळ लागतो. तेवढा दे. मग फ्-फाड.’

मागं कुणीतरी श्वास आत ओढला.

‘तुझं प्-पिल्लू माणसाच्या घरात आहे. ते र्-रडतं. माणसाला वाटतं, भ्-भुंकतंय.’ एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत होतो. घाम कपाळावरून डोळ्यात गेला. ‘त्याची भाषा त्या ग्-गावात कुणाला येत नाही. आणि त्या माणसांची भाषा त्-तुला येत नाही. मला दोन्ही येतात. अंग त्-तुझं आहे. मन त्यांचं. वाट दे. औषध द्-देतो. द्-दाराशी जाऊन विचारतो, पिल्लू कुठंय. माणसासारखं विचारतो. आणि ल्-लांडग्यासारखं उचलून आणतो.’

‘आणि नाही आलास तर?’ सर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण मला तरी ती म्हातारी बोलल्यासारखी वाटली.

‘तर हे त्-तिघं तुझे.’

‘बे!’ गजू ओरडला आणि सगळा हॉल फुटला. सरसुद्धा हसले. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी मान डोलावली.

‘अठरा लागले असते,’ ते म्हणाले. ‘या बोलण्याचे पाच कमी करतो. तेरा. छाप सतराचे तीन तुम्हाला जास्तीचे मिळतात. म्हणजे फाशावर दहा. टाका.’

मी टाकला. फासा टेबलभर गडगडत गेला, शलाकाच्या बाटलीला आपटला, एका कडेवर डगमगला आणि बसला.

दहा. ना एक कमी, ना एक जास्त.

‘लांडगीण बाजूला होते,’ मोहरील सर म्हणाले.

त्यापुढचं काही मला ऐकू आलं नाही. खिडक्यांतली पोरं खाली उड्या मारत होती. गजूनं मला उचललं आणि खाली ठेवायला विसरला. फैजान बोटांवर हिशेब करत होता. ‘छाप सहा असती तर दोन कमी मिळाले असते,’ तो स्वतःशीच पुटपुटला. ‘पंधरा पडायला लागले असते. दहावर आपण मेलो असतो, यार.’ आणि मग माझ्याकडे बघून हसला, डोळे भरून.

निकालाला अर्धा तास होता. हॉलमागं कडुनिंबाखाली चहा चालला होता. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. चंद्रपूरच्या संघातली एक मुलगी म्हणाली, ‘काय अभिनय केलात हो! लांडग्याच्या जिभेनं माणसाचे शब्द! मला तर काटाच आला.’ दुसरा म्हणाला, ‘ते अडखळणं किती दिवस बसवलं?’ मी नुसता हसत राहिलो. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती. जन्मभर जी गोष्ट लपवली तिचं कौतुक होत होतं, आणि कुणाला कळलंही नव्हतं. फुकटात सुटलो होतो.

गर्दी पांगल्यावर शलाका जवळ आली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता तिनं.

‘रागावलास?’

‘अगं, न्-नियम वाचायचा तरी नीट.’

‘वाचला होता.’

‘कधी?’

‘पहिल्या दिवसाच्या आधी. मला पाठ होता.’

‘म्-मग?’ मी म्हणालो.

‘तू खुर्ची मागं सरकवली होतीस,’ ती म्हणाली. ‘उठून जात होतास. परत आला नसतास, हो ना? मला त्या क्षणी जे सुचलं ते बोलले. म्हटलं, दोन-तीन रविवार जाऊ देत, रुळला की खरा नियम सांगू. मग तू इतका खूश दिसायला लागलास, की धीर झाला नाही. शेवटी या स्पर्धेत नाव दिलं. म्हटलं, मी नाही सांगितलं तरी तिथं कुणीतरी सांगेलच.’

‘आणि हे दोघं?’

‘गजूला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, तोंड उघडशील तर पाह्य तू मंग.’

‘फ्-फैजान?’

शलाकानं मान वळवली. फैजान थोडा दूर उभा राहून पोह्यांवर तर्री ओतून घेत होता.

‘फैजाननं पुस्तक वाचलेलं होतं,’ ती म्हणाली. ‘आमच्यात आला तेव्हाच.’

मला पूल आठवला. फैजानचा फासा, त्यावरचे तीन, आणि त्याचं ते शांतपणे ‘नाही समजलं’ म्हणणं. त्याला ठाऊक होतं. लांडग्याला बोलता येतं, ‘फैजान, थांब’ एवढं म्हणता येतं, हे त्याला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर तिरंदाज वाचला असता. आणि मी त्या खोलीत पुन्हा आलो नसतो. त्यानं दोन वर्षं जपलेलं पात्र उचलून दरीत टाकलं होतं आणि दोन रविवार घरी बसून एकट्यानं दुःख केलं होतं.

मी त्याच्यापाशी गेलो. काय बोलावं कळेना, आणि या वेळी दोष जिभेचा नव्हता.

‘काय बे?’ फैजान म्हणाला. ‘तर्री घे ना. तिखट हाय, पण मस्त हाय.’

‘त्-तिरंदाज,’ मी म्हणालो.

त्यानं शलाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खांदे उडवले. ‘कागदावरचा होता यार थो,’ म्हणाला. ‘तू थोडीच कागदावरचा हायेस.’

मी तिथं, पोह्यांच्या गाडीसमोर, सगळ्या नागपूरदेखत रडलो. लाज वाटली नाही.

निकाल लागला. आम्ही पहिले आलो. शिवाय एक बक्षीस निराळं होतं, पात्र जिवंत करणाऱ्या खेळाडूला, तेही भुऱ्याला. मोहरील सरांनी मला मंचावर बोलावलं, हातात पितळी फासा दिला आणि माईक माझ्यापुढं केला.

‘लांडग्याला आपण ऐकलं,’ ते म्हणाले. ‘आता साचा उतरवा आणि तुमच्या माणसाच्या आवाजात नाव सांगा.’

टाळ्या पडल्या. मला वाटलं, पितळी फासा उंच करून नुसतं हसावं, हात हलवावा, आणि खाली उतरावं. जमलं असतं. सगळ्यांना लांडगा आवडला होता.

मी माईक धरला.

‘त्-त्-त्…’

लोक हसले. प्रेमानंच हसले, त्यांना वाटलं, पोरगा अजून लांडग्यातच आहे. मी थांबलो नाही. हसू हळूहळू विरलं. मग ती शांतता आली, मला लहानपणापासून ओळखीची. चंद्रपूरच्या त्या मुलीनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला. मी तिच्याकडेच बघून बोललो.

‘त्-त्र्यंबक ग्-गावंडे. अकोला. सा… साचा केव्हाच उतरवलाय. हा म्-माझाच आवाज आहे.’

मग मोहरील सर, तो मऊ आवाजाचा नियमांचा माणूस, बाजूला सरकला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग हॉल उठला. आधीच्या टाळ्या लांडग्याला होत्या. या मात्र मी एकही दुसऱ्या कुणाला देणार नाही. माईक अजून माझ्या हातात होता. एकदा मिळालेला माईक का सोडा? म्हणून मी गजूचं नाव सांगितलं, शलाकाचं सांगितलं, आणि शेवटी फैजानचं, आणि त्याच्या तिरंदाजाचं. पुलाची सगळी गोष्ट सांगितली. चांगला वेळ लागला. कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. मागच्या लांब बाकावर चौघं, पितळी फासा मधे. मी बोलत होतो. बसथांब्यांची नावं, पहिलीतल्या बाई, तोंडी परीक्षेला काय झालं, पणजोबांचं नाव माझ्या गळ्यात कसं पडलं, लांडगीण परत भेटली तर काय म्हणायचं, फैजानचा तिरंदाज दरीतल्या एका झाडाला अडकून वाचलेला कसा असू शकतो आणि पुढच्या रविवारी त्याला वर कसा काढायचा. वीस-बावीस वर्षांचं साठलेलं होतं, ते एका बसप्रवासात कुठलं संपायला? अडखळत होतो, थांबत होतो, पुन्हा सुरू करत होतो. अमरावती आली आणि गेली. कंडक्टरही मागं येऊन थोडं ऐकून गेला.

बडनेऱ्याच्या पुढं गजूनं डोक्यावरून रुमाल घेतला आणि कान दाबले.

‘शलाके,’ तो कळवळून म्हणाला, ‘त्या जुन्या नियमात काय वाईट होतं वं?’